जीपचा खांदा

॥ श्री ॥
वलगाव, २९ जून २०२५

चि. विपुल यास,
अ. उ. आ. आशीर्वाद रिवाजापुरता आहे, मनातून निघालेला नाई, हे आधीच सांगून ठेवते.

तुहा नंबर मी बंद करून ठेवला आहे, म्हणून तुहा फोन लागत नसन. बाबांचा नियम तुले माहीत आहे. घरातल्या माणसाशी रागात तोंड उघडायचं नाई, कागद घ्यायचा. बाबा गेले तरी नियम आहे, अन् बरं आहे का आहे, नाई त मी अकोल्याले येऊन तुह्या गॅरेजसमोर अशी बोंब मारली असती का गिऱ्हाईक पळालं असतं.

परवा मी अन् आई मोर्शीच्या बगीच्यातून बाबांच्या जीपमधी येऊन राहिलो होतो. नाल्याचा उतार लागला, मी ब्रेक दाबला, अन् गाडी गपकन डावीकडं ओढली अन् बांधावरच्या बाभळीवर जाऊन आदळली. मले काई झालं नाई. आईनं पुढं हात टेकला अन् तिचं उजवं मनगट मोडलं. अमरावतीच्या डॉक्टरनं प्लास्टर घातलं आहे. तिले आता वेणी घालता येत नाई का भाकर थापता येत नाई. दिवसभर खाटेवर बसून मले शिकवत राहते.

दुसऱ्या दिवशी मी सोता पुढची चाकं खोलली. ड्रममधी तेल! ब्रेकच्या लायनर तेलानं चिंब. डाव्याच्या कमी, उजव्याच्या जास्त, म्हणून उजवा ब्रेक लागला नाई अन् गाडी डावीकडं ओढली. हे तेच तेल आहे विपुल, पुढच्या एक्सलचं, जे तू दिवाळीले सील बदलून बंद केलं होतं. मंग होळीले पुन्हा बंद केलं होतं. दोन्ही डाव मले छाती ठोकून सांगतलं, ताई, आता थेंब गळला त नाव बदलून टाकजो. सांग, काय नाव ठेवू तुहं?

तुह्या गॅरेजवर पाटी आहे, जुन्या जीपचे खास कारागीर. त्या पाटीवर डांबर फास. अन् मले कारण पाहिजे, कारण! आईचा हात कायच्यानं मोडला ते मले समजलं पाहिजे.

लोभ होता. सध्या काई सांगता येत नाई.

तुही ताई,
दामिनी

॥ श्री ॥
अकोला, ३ जुलै २०२५

ती. स्व. दामिनीताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुहं पत्र वाचलं. आईचा हात मोडला अन् मले पत्रातून समजते! तू नंबर बंद करतं, आईजवळ फोन देत नाई, अन् मंग मलेच इचारतं का कारण सांग. आधी हे सांग का तुले कोणं हक्क देल्ला? ते माही बी माय आहे.

आता सीलची गोष्ट. एक्सलच्या नळीत तेल राहते अन् ते चाकाकडं जाऊ नये म्हणून दोन्ही टोकाले रबरी सील राहतात. ते सील मी माह्या हातानं बसवले. कामगाराले हात लावू देल्ला नाई, कारण गाडी बाबांची आहे. एक्सलच्या मधातल्या डिफरन्शियलच्या झाकणाची गॅस्केट नवी, चाकाजवळच्या गोळ्यावरची नमद्याची पट्टी नवी, हबच्या गॅस्केट नव्या. शाफ्टवर चरा आहे का म्हणून नख फिरवून पाह्यलं. अकोल्यात येऊन कोणालेबी इचार, माह्या हातची दुसरी एक गाडी गळते का. अन् बाबांचीच काहून गळते? कारण ते तू चालवतं!

मले पक्कं माहीत आहे का तू डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकाचा गिअर टाकूनच हाकलत असशीन. चिखलातून निघालं का तो गिअर काढावा लागते ताई, एक्सलवर ताण येते. पण तुले कोण सांगन? अन् मले हे बी समजलं का होळीनंतर तू अमरावतीत कोणाले तरी दाखवून तेल टॉपअप करून आणलं होतं. त्यानं काय खोललं, काय ठोकलं, देव जाणे. दुसऱ्याच्या हाताचं पाप माह्या डोक्यावर कायले?

मी गाडीची किती इज्जत करतो ते तुले माहीत नाई. बैलजोडी इकल्यापासून आई पोळ्याच्या आदल्या दिवशी जीपचाच खांदा शेकते, पुढच्या एक्सलले हळद-तूप चोपडते, वरून गेरू लावते अन् दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतन देते. दोन्ही डाव एक्सल धुवाले घेतला तवा आईच्या हातची ते हळद दिसली. मी बोट लावून कपाळाले लावली अन् कामगारायले सांगतलं, बाकी सारं घासा, तेवढ्या जागेले ब्रश लावू नका. अशा माणसाले तू पाटीवर डांबर फासाले सांगतं.

गाडी पाठव. आईले नमस्कार सांग, अन् हे बी सांग का तुही पोरगी मले फोनवर बोलू देत नाई.

लोभ आहेच, पण आता त्याले बी तेल गळती लागली आहे.

तुहा भाऊ,
विपुल

॥ श्री ॥
वलगाव, ९ जुलै २०२५

चि. विपुल यास,
अ. आ.

मले गाडी शिकवून राहिला? तू चड्डीत नाक पुसत होता तवा बाबांनी मले हे जीप चिखलातून काढाले शिकवली. रस्त्यावर आलं का मी सगळ्यात आधी पुढचा गिअर काढते, मंग आरसा पाहते. अमरावतीच्या माणसानं फक्त तेल टाकलं, पाना बी लावला नाई, मी तठी उभी होती. तेल कमी झालं होतं म्हणून टाकलं! अन् कमी काहून झालं होतं? तुह्या सीलातून गेलं म्हणून. म्हणजे चोर सोडून राखणदाराले मारून राहिला तू.

अन् आईचा फोन मी लपवला नाई. तिनंच बंद करून उशीखाली ठेवला. म्हणते, विपुलले सांगू नका, तो गाडी सोडून धावत येईन, त्याचं काम बुडन. ऐक, अन् लाज वाटू दे.

आई आता एक नवीन गोष्ट धरून बसली आहे. तिचं म्हणणं का गाडी रुसली. बाबा गेल्यापासून खांदा नीट शेकला जात नाई, तिच्या एकटीच्या हातानं हळद कमी पडते, म्हणून गाडीनं असं केलं. औंदा दुप्पट तूप घेतो म्हणते, थर चढवतो म्हणते. हात मोडला आहे अन् गोष्टी अशा. मी म्हटलं आई, गाडी रुसली नाई, तुह्या पोट्ट्यानं काम बिघडवलं. त मलेच डाफरली.

जीप उद्या टेम्पोवर चढवून तुह्याकडं पाठवते. ध्यानात ठेव, मी मजाक करून राहिली नाई. बगीच्यातली काळी माती पावसात अशी चिकटते का दुसरी कोणतीच गाडी आत जात नाई, संत्र्याच्या आंबिया बहाराची फवारणी, खत, सारं या जीपवर आहे. तरी मी सांगते, या डावं जर तेल गळलं त पोळ्याच्या आधी मी भंगारवाल्याले बोलावते. आईले मी पुन्हा त्या गाडीत बसवणार नाई. अन् मंग आईच सांगन तुले का बाबांची शेवटची वस्तू कोणाच्या हातानं गेली.

लोभ असला त कामात दिसू दे, कागदावर नको.

दामिनी

॥ श्री ॥
अकोला, २६ जुलै २०२५

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, सापडलं. अन् सापडल्यापासून मले जेवण गोड लागत नाई. कोणावर चिडू ते समजत नाई म्हणून आधी सोतावर चिडून घेतलं. पाटी काढून आत ठेवली आहे.

तिसऱ्या डाव सील बसवले, गॅस्केट बसवल्या, लायनर नव्या टाकल्या. या डावं मी गाडी तुह्याकडं लगेच पाठवली नाई. मूर्तिजापूरच्या रस्त्यानं दूरवर फिरवून आणली. उतरलो अन् पाह्यलं त पुन्हा चाकाजवळ तेलाची ओल! इतका संताप आला का पाना फेकून देल्ला. मंग तेल पाहावं म्हणून डिफरन्शियलचा बोल्ट ढिला केला अन् आतून फस्सकन हवा निघाली. ट्यूबमधून निघावी तशी.

तवा डोक्यात उजेड पडला. एक्सल चालून गरम झाला का आतली हवा फुगते. ते बाहेर जावी म्हणून एक्सलच्या नळीवर बारीक भोकाची टोपी राहते. ते टोपी बुजली का हवा वाट शोधते, अन् तेलाले ढकलत सीलातून बाहेर पडते. सील किती बी नवे टाका, गळणारच. सीलाचा दोष नाई, तुह्या चालवण्याचा नाई, माह्या हाताचा बी नाई. मी टोपी शोधाले लागलो. दिसेच ना. मंग आईच्या हळदीच्या जागेवर नजर गेली.

जिथं मी ब्रश लावू देल्ला नव्हता, तिथंच होती ते. हळद, तूप, गेरू, वरून वावरातली धूळ. साऱ्याचा दगड झाला होता. मी खिळ्यानं कोरून काढला. तो तुकडा टेबलावर ठेवला आहे, फेकायची हिंमत होत नाई.

आता समजलं का काहून? मी शहाणा, जुन्या जीपचा खास कारागीर, दोन डाव एक्सल खोलला अन् एवढी साधी टोपी पाह्यली नाई, का त आईची हळद खरवडायची नाई. दुसऱ्या कोणाची गाडी असती त पहिल्याच डाव साफ केली असती. तू मले जे बोलली ते सारं कमी आहे.

पण एक गोष्ट ऐकजो. हे आईले सांगू नको. तिनं तिच्याच हातानं लावलेल्या हळदीनं तिचाच हात मोडला, हे तिले समजलं त ते मनाले लावून घेईन. तिले सांगू का विपुलनं सील चुकीचे बसवले होते, आता बरोबर केले. मी शिव्या खातो, मले चालते. पोळ्याले मात्र काई तरी करून तिले तठी हळद लावू देऊ नको. कसं ते तू पाह्य, तुहं डोकं त्यातच चालते.

टोपी साफ केल्यावर गाडी पुन्हा फिरवली. चाकं कोरडी ठणठणीत.

लोभाची गळती बंद झाली असन त कळव.

विपुल

॥ श्री ॥
वलगाव, १ ऑगस्ट २०२५

चि. विपुलले मैनाबाईचे अनेक आशीर्वाद.

डाव्या हातानं लिहून राहिली, अक्षर पाहून हासू नको. दामिनी बगीच्यात गेली होती, पोस्टमन तुहं पत्र देऊन गेला, मीनं फोडलं. तुह्या बाबाच्या नियमात असं कुठं नाई का मायनं पत्र फोडू नये.

मले सांगू नका म्हणतं! काहून रे? मी काय काचेचं भांडं आहो? बैल मारके निघाले, औत तुटले, तुहा बाप गेला, सारं मीनं पाह्यलं अन् उभी राह्यली. अन् तुमी दोघं बहीणभाऊ महिनाभर कुत्र्यामांजरावानी भांडून राहिले, एक म्हणते तू बसवलं, एक म्हणतो तू चालवलं, अन् मलेच कोणी इचारलं नाई का आई, तू त्या एक्सलले काय करतं. इचारलं असतं त पह्यल्याच दिवशी सांगतलं असतं. तूप लावणं असो का सील लावणं, घरातल्या बाईले इचाराले तुमाले लाज वाटते.

माहा राग तुमच्यावर आहे, पण त्याच्यापेक्षा जास्त तुह्या बाबावर आहे. ते ऐक. बैल इकले त्या साली तेच म्हणाले, मैना, खांदा शेकणं सोडू नको, आता हाच आपला बैल. दरसाली मी हळद-तूप घेऊन बसो, अन् ते समोर चाकाजवळ उकिडवे बसत अन् एक्सलवर एका जागी अंगठा दाबून धरत. माहं होईपर्यंत उचलत नसत. मले वाटे, बैल बिचकू नये म्हणून जसे त्याच्या मानेवर हात ठेवत, तसेच ठेवून राहिले. मले बरं वाटे. मी कधी इचारलं नाई अन् त्यायनं कधी सांगतलं नाई.

परवा तुहं पत्र वाचून तो अंगठा कुठं राहे ते मले समजलं. वर्षानुवर्षं माणसानं भोक झाकून धरलं, पण मले म्हटलं नाई का मैना, इथं लावू नको. माही पूजा चुकते असं मले वाटू नये म्हणून! अरे सांगतलं असतं त मी तेवढी जागा सोडली नसती का? मी काय इतकी अडाणी होती? ते गेले, अंगठा गेला, अन् मी मोकळ्या भोकावर तीन साल तूप थापत राह्यली. गाडी रुसली नव्हती, गाडीचा जीव गुदमरला होता. काल तुह्या बाबाच्या फोटोसमोर उभी राहून मी त्यायले चांगलं झापलं. मंग रडली.

दामिनीले तुहं पत्र दाखवलं. तिनं फोन काढला अन् तुहा नंबर चालू केला. भंगारवाल्याचं नाव आता घरात कोणी काढत नाई.

तो तुकडा टेबलावर ठेवून कायले बसला? तुळशीत टाक. अन् पाटी परत लाव, माह्या हळदीपाई गिऱ्हाइकावाचून उपाशी राहू नको.

आता मी सांगते ते दोघं बी ऐका. पोळ्याच्या आधी माहं प्लास्टर निघन, पण डॉक्टर म्हणतो पंजा लवकर वळणार नाई. औंदा खांदा शेकायचा आहे, सोडायचा नाई. हळद दामिनीनं लावायची. तू आदल्या दिवशीच जीप घेऊन घरी यायचं, आवतन तुलेच आहे. मी दारात पाटावर बसून पाहणार. अन् तू चाकाजवळ बसशीन तवा मांडी घालू नको, तुहे बाबा उकिडवे बसत. अंगठा नीट दाबजो, माहं पाहणं होईपर्यंत उचलू नको.

राग कमी झाला नाई, तरी माया तेवढीच आहे, ते धरून राहा.

तुही आई,
मैनाबाई