तुझ्या नावाची शिष्यवृत्ती, तुझ्या मनाविरुद्ध

आई, तुझ्या नावानं आम्ही शिष्यवृत्ती सुरू केली, त्याला काही वर्षं झाली. कॉलेजात जाऊ पाहणाऱ्या, पण घरून फी निघत नाही अशा मुलींसाठी. वस्तीतल्या विहाराच्या खोलीत पहिली बैठक घेतली तेव्हा ताई माझ्याकडे बघतच राहिली. "तिच्या नावानं? अगं, तिनंच तर मना केलं व्हतं." मी म्हटलं, "म्हणूनच." माझं म्हणणं तिला कळलं. तुला कळावं म्हणून आज लिहायला बसले आहे.

तो दिवस तू विसरली नसशील. ताई बारावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि एका मंडळानं तिची कॉलेजची फी भरायचं कबूल केलं होतं. कार्यक्रमासाठी तू बिस्सीच्या खानावळीतून सुट्टी घेतलीस. लूमवरच्या कामगारांना दोन वेळच्या पोळ्या करून घालणारी तू, त्या दिवशी ठेवणीतलं निळं लुगडं नेसून माझ्या शेजारी खुर्चीत बसली आहेस. ताई स्टेजवर उभी आहे. माइकवरचा माणूस सांगतो आहे, बिस्सीत पोळ्या लाटणाऱ्या एका गरीब, बिनबापाच्या घरची ही पोर, बघा, आपल्या मंडळाच्या साहेबांच्या कृपेनं शिकणार. मग तो ताईला म्हणतो, बाळ, साहेबांच्या पाया पड, फोटो येऊ दे. ताई वाकते. फोटोवाल्याचं जमत नाही, म्हणून तो तिला पुन्हा वाकायला सांगतो. आणि तू उठतेस. खुर्च्यांमधून वाट काढत स्टेजवर चढतेस, ताईचा दंड धरतेस आणि तिला खाली घेऊन येतेस. फीच्या पैशांचं पाकीट तिथंच टेबलावर राहतं.  मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला होता की चालताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

दुसऱ्या दिवशी ताई चुलीपुढं रडत होती तेव्हा तू म्हणालीस, "रडू नको. आपन भिकारी न्हाय. कुनापुढं हात पसरून शिकायचं न्हाय माझ्या पोरींनी." महिन्याभरात ताई वळ गावच्या एका गोदामात पॅकिंगला लागली. सकाळी जायची, पाय सुजवून यायची. माझी शाळा, माझं कॉलेज, पुढं वकिलीची वर्षं, सगळं तिच्या पगारावर झालं. मी वकिलीला असतानाच तू गेलीस. तुझ्यामागंही ती त्याच गोदामात जात राहिली. आज मी भिवंडीच्या कोर्टात काळा कोट घालून उभी राहते. लोक म्हणतात, आईनं पोरीला काय शिकवलं! मी प्रत्येकाला सांगते, आईनं नाही, ताईनं. तुला राग आला तरी चालेल. तुझा स्वाभिमान खरा होता, पण त्याची किंमत तू भरली नाहीस, आई. ताईनं भरली. आणि ते पाकीट सोडायचं की घ्यायचं, हे तू तिला एका शब्दानं विचारलं नाहीस.

म्हणून मी हात पसरते. तुझं नाव घेऊन पसरते. वकिलांपुढं, डॉक्टरांपुढं, कापडाच्या व्यापाऱ्यांपुढं. गेल्या वर्षी दापोड्याचे एक शेट स्वतःहून आले. त्यांच्या शेतावर आता गोदामं आहेत. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "देतो ना मी. पण कार्यक्रम करा मोठा. लोकांना कळाया नको?" मी म्हटलं, कार्यक्रम करू, पण कुठल्याही मुलीला पाया पडायला सांगायचं नाही आणि तिच्या घरची गरिबी माइकवर वाचायची नाही. ते हसले. "अवो, पाया पडनं म्हंजे संस्कार." मी म्हटलं, "संस्कार घरी. इथं फी." त्यांनी मान हलवली. तरीही, स्टेजवर जायचं की नाही, हे मी प्रत्येक मुलीला वेगळं बसवून विचारलं. त्यांत लूम चालवणाऱ्या एका कारीगराची मुलगी होती, फार्मसीला जाणारी. ती म्हणाली, "जाऊंगी ना, मॅडम. माझी फी आहे ती. मैं क्यों छुपूं?"

कार्यक्रमाला ताई पहिल्या रांगेत माझ्याजवळ होती. माझं सगळं बोलणं पाण्यात गेलं. माइकवरचा माणूस नवा होता, पण शब्द तेच होते. "रात्रंदिवस लूमवर राबणाऱ्या एका बिचाऱ्या बापाची ही गरीब मुलगी… ये बाळा, शेटांचा आशीर्वाद घे." मी खुर्चीवरून उठले. खोटं कशाला बोलू, तुझ्यासारखीच उठले, आता स्टेजवर जाऊन हिला खाली आणते म्हणून. ताईनं माझं मनगट धरलं आणि मला खाली ओढलं. "बस. तिला बघू दे तिचं ती."

ती मुलगी वाकली नाही. शेटांपुढं ताठ उभी राहून तिनं हात जोडले, "थँक्यू, अंकल." शेट गडबडले, आशीर्वादाला पुढं केलेला हात मागं घेऊन त्यांनीही हात जोडले. तिनं पाकीट घेतलं. मग माइकपाशी गेली आणि शांतपणे म्हणाली, "माझे अब्बू कारीगर आहेत. बिचारे नाहीत." फोटोवाल्याकडं वळून तिनं विचारलं, "हो गया?" आणि पाकीट घेऊन खाली उतरली. मागं तिचा बाप उभा होता. त्यानं टाळी वाजवली नाही, फक्त मान वर केली. आज ती फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला वाटलं होतं, शेट आता तोंड दाखवणार नाहीत. पण आठवड्याभरात त्यांचा फोन आला, "पोरगी लय तेज हाय, वकीलबाई. पुढच्या साली बी कळवा. आन तो माइकवाला बदला."

 त्या दिवशी घरी येताना रिक्षात ताई बाहेर बघतच म्हणाली, "मला बी असं बोलता आलं असतं. आई जरा थांबली असती तर." तिच्या आवाजात राग नव्हता. मला मात्र आहे, आणि मी तो सोडणार नाही. पाकिटं मी घेत राहणार. मुलींना मी स्टेजवरून खाली ओढणार नाही, त्यांच्या वतीनं 'नको'ही म्हणणार नाही. या वर्षी शिष्यवृत्तीच्या मुली निवडायचं काम ताईनं हातात घेतलं आहे. ती प्रत्येकीला आधी विचारते, "तुला काय पायजे?" मग समोरची बोलेपर्यंत वाट बघते.

हे पत्र कुठं धाडायचं नाही, हे मला माहीत आहे. तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं, मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि कबूल करते, कोर्टात कुणाला न घाबरणारी मी, दुसऱ्या ओळीच्या पुढं गेले नसते. तू म्हणाली असतीस, "बास झालं. पीठ मळ." आणि मी मळलं असतं.