दुसरी हजेरी

प्रिय चिमणे,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. वर्गातली निम्मी पोरं दांड्या मारतात म्हणून तू माझी जुनी बक्षिसाची युक्ती विचारतेस, हे वाचून आधी हसूच आलं. एवढासा जीव आणि अख्ख्या वर्गाला पुरून उरणारी बडबड, म्हणून तुला चिमणी म्हणायचे. आता तूच दुसऱ्यांना गप्प बसवतेस. उत्तर लिहायला मात्र हात धजावत नव्हता. युक्तीबरोबर एक गोष्टही सांगावी लागणार, आणि ती वाचल्यावर तू मला पुन्हा पत्र लिहिशील की नाही, याची धास्ती आहे.

युक्ती सोपी होती. हजेरी दोनदा, सकाळी आणि मधल्या सुट्टीनंतर. महिनाभर दोन्ही वेळा वर्ग पूर्ण भरला तर सगळ्यांची सहल. एक जरी गैरहजर, तर कुणाचीच नाही. मग काय, पोरंच एकमेकांच्या दारात जाऊन उभी राहू लागली. गालगुंड झालेल्या एकाला तर मफलर गुंडाळून आणलं होतं. शिपाईमामा म्हणाले, बाई, आता आजारी पडायलाही अर्ज करावा लागणार. गणितात नापास होणारे अकरावरून दोनवर आले. मुख्याध्यापकांनी चारचौघांत कौतुक केलं. मी हवेत होते, खोटं कशाला बोलू?

तुझी आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली. तिची वेणी घालून, औषध देऊन तू शाळेत यायचीस, आणि अभ्यासही चोख. मी वर्गाला तुझं उदाहरण द्यायचे. सगळ्यांची सहल बुडू नये म्हणून तू घरी थांबत नाहीस, हे मला दिसत होतं. ते माझ्या सोयीचंही होतं.

तू लिहिलंयस, आई गेली त्या दिवशी निरोप येताच बाई वर्ग टाकून तुझा हात धरून घरापर्यंत आल्या, म्हणूनच तू शिक्षिका झालीस. ते वाक्य मला वाचवत नाही. निरोप येताच मी निघाले नव्हते. तुमच्या शेजारच्या मावशी मधली सुट्टी लागतानाच मला व्हरांड्यात भेटल्या. आईनं पोरीला बोलावलंय, लगेच पाठवा, म्हणाल्या. महिन्याचा शेवटचा दिवस होता. तुम्ही व्हा पुढे, मी आणते तिला, असं म्हणून मी त्यांना वाटेला लावलं. तू मैत्रिणींबरोबर डबा खात होतीस. मी तुला काही सांगितलं नाही. सुट्टी संपू दिली, दुसरी हजेरी घेतली, तुझ्या नावापुढे खूण केली आणि मग तुझ्याजवळ आले. पाऊण तास गेला त्यात. आपण पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. त्या वेळात आईनं तुला दोनदा हाक मारली, असं मावशी मला नंतर म्हणाल्या. तुला सांगू नका म्हणून मी त्यांच्या हातापाया पडले. आठ दिवसांनी सहल गेली. तू आली नाहीस. मी मुलांबरोबर गाणी म्हटली.

हे सगळं मी पोटात ठेवूनच मरणार होते. तुला बक्षिसाचे चार नियम लिहून पाठवले असते आणि मोकळी झाले असते. पण पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहावं तसं तू लिहिलंस, की वाटेत तुझ्या चपलेचा अंगठा तुटला, तू ती उचलायला थांबलीस, नाहीतर आई भेटली असती. आणि हे तू आजवर कुणालाच सांगितलेलं नाहीस. इतकी वर्षं, चिमणे? मुलांना बक्षिसं जरूर दे, फक्त घरून बोलावणं आलं तर त्या क्षणी जाऊ दे. माझ्यावर राग धर, तोंडही बघू नकोस माझं. पण त्या चपलेचा काही दोष नव्हता, आणि तुझा तर नव्हताच. तुला मी अडवून ठेवलं होतं.

अजून म्हणू देशील तर,
तुझ्याच
बाई