सांबारवडीत गेलेल्या दोन ओळी

नागपूर, ९ फेब्रुवारी १९८१

चि. पुष्पलता हिला बाबांचे आशीर्वाद.

आम्ही उभयता ठीक. माझा गुडघा आणि तुझ्या आईचा आवाज, दोन्ही पूर्ववत आहेत. तुझी आणि तुझ्या ज्वालामुखीची प्रकृती कशी आहे ते कळवावे. (त्याचे नाव मला कोणत्याच वृत्तात बसवता आले नाही, म्हणून यापुढे नुसता ‘डोंगर’ म्हणतो.)

प्रथम एक गंभीर तक्रार. तिकडच्या टपाल खात्याने निळ्या घडीपत्राला जो डिंक लावला आहे, तितका निष्ठावंत डिंक मी या जन्मी पाहिला नाही. पत्र आले तेव्हा मी शाळेत होतो. तुझ्या आईने थोडा वेळ नखांनी प्रयत्न केला आणि मग ते सरळ विळीवर धरले. विळीवर त्या वेळी सांबार चिरणे चालू होते. (पुण्याकडे याला कोथिंबीर म्हणतात, त्यांचे त्यांना लखलाभ.) परिणामी पत्राच्या मधल्या घडीची दोन ओळींची पट्टी सांबारासोबत बारीक चिरली जाऊन सारणात गेली. वड्या बारा झाल्या. त्यातल्या पाच शेजारच्या गोपाळरावांनी खाल्ल्या आणि ‘यंदाचा सांबार जरा चिवट आहे’ एवढाच अभिप्राय दिला. तात्पर्य, तुझ्या त्या दोन ओळी सध्या गोपाळरावांच्या पोटात आहेत. डोंगराच्या पोटातले पाहणारे तुझे शास्त्र इकडे लागू पडत असेल तर पाहावे.

पाचवी वडी संपवून गोपाळरावांनी विचारले, पोरगी तिकडे नेमके करते काय. तू मागे लिहिलेस तसेच मी सांगितले. डोंगराखाली बारीकसारीक भूकंप होत असतात. त्यांच्या लाटा थंड, घट्ट खडकातून झपाट्याने येतात आणि तापलेल्या, वितळलेल्या खडकातून रेंगाळत येतात. ठिकठिकाणी यंत्रे पुरून ठेवायची, कुठे लाट किती उशिरा आली ते टिपायचे, आणि त्यावरून आतला रस कुठे साचला आहे त्याचे चित्र काढायचे. गोपाळराव म्हणाले, “भूकंप आला का लोक पळतात गुरुजी, अन् तुमची पोरगी थांबून मोजून राहिली?”

यावर प्रयोग करून दाखवणे मला भाग पडले. देवाजींचा हातमाग हा भूकंप ठरला. (सात वर्षांची असताना तू ओसरीवर जमिनीला कान लावून कोणाच्या घरचा माग थांबला ते सांगायचीस, तीच ही प्रेरणा.) आम्ही सहा जण गल्लीत गोणपाटावर कान टेकून ओळीने आडवे झालो. देवाजींनी फणीचा ठोका दिला की ज्याला ऐकू येईल त्याने हात वर करायचा. ठोका पडला. पाच हात वर झाले, गोपाळरावांचा झाला नाही. दुसऱ्या ठोक्यालाही नाही, तिसऱ्यालाही नाही. त्यांच्याखालचा खडक वितळलेला असल्याचे मी गंभीरपणे जाहीर करणार, तोच ते घोरू लागले. तरीही निष्कर्ष गल्लीला पटला आहे. तुळसाबाई आता पापड त्याच जागेवर वाळत घालतात आणि ते लवकर वाळतात असे शपथेवर सांगतात.

हसले नाहीत ते एकटे देवाजी. म्हणाले, “पोरीचा कान तवाच पक्का होता गुरुजी. माह्या मागाचा धागा तुटायच्या आधी तिले समजे.” मग मलाही वाटले, डोंगराचा धागा तुटायच्या आधी तुला समजले, तर पायथ्याच्या गावांना पोरेबाळे आणि गुरे घेऊन निघायला वेळ मिळेल. तीस वर्षे मी जी भाषा शिकवतो तिची विभक्ती चुकली म्हणून कोणाचा जीव जात नाही. तुझे काम तसे नाही. मला त्याचा फार अभिमान वाटतो, आणि हे समोरासमोर बोलता येत नाही म्हणून लिहिले.

गोणपाट गोळा करताना तुझ्या आईने विचारले, “का जी, ते यंत्रं डोंगरावर नेऊन ठेवते कोण?” मी म्हणालो, असतील तिथे गडीमाणसे. तिने घडी घातलेले गोणपाट उलगडले आणि पुन्हा घडी घातली.

सपाट जमिनीवरून,
तुझा बाबा

ता. क. गोपाळरावांचा तुला आशीर्वाद. उरलेल्या वड्याही त्यांनीच नेल्या.

आणखी ता. क. तुझ्या पत्रात असे आहे : “डोंगर पंधरा दिवसांपासून फुगतो आहे, म्हणून आम्ही”. इथे विळी. त्यानंतर एकदम “सगळे आनंदात आहोत.” आईला मी मध्ये ‘खाली उतरून आलो, आता’ असे घालून वाचून दाखवले. तिने ते मानले असे वाटत नाही. मीही मानलेले नाही. तेवढ्या दोन ओळी पुन्हा लिही. ‘वर जात आहोत’ असे असेल तर तसेच लिही, मी आईला सांगेन. पण लवकर लिही, पुष्पा. मला भीती वाटते.