दोरी कोणत्या हाताची

कारंजा,
११ मार्च १९७४

प्रिय अंजना,

तू रागानं आसेगावले माहेरी गेली, त्याले आज तेरा दिवस झाले. बाबाले जयभीम सांग, माहा घेत असतील तर. घरात बसलो की उठावं वाटते, उठलो की कुठं जावं समजत नाही. काल भाजीत दोनदा मीठ टाकलं अन् तशीच खाल्ली.

दोरीचं तुले माहीतच आहे. जिनिंगमधल्या, कापसातली सरकी काढणाऱ्या दर रेच्यावर ती मीच लावली. ओढली की पट्टा मोकळ्या चाकावर सरकते अन् रेचा थांबते. शेठनं पाठ थोपटली, मीबी फुशारलो. वीसदा ओढून पाह्यली, वीसदा रेचा थांबला. म्हणून तुह्या गंगूचा हात कापसासंगं आत गेला तवा फॅक्टरी इन्स्पेक्टरपुढं मी बोलून गेलो, की दोरी होती, पोरीनंच ओढली नाही, निष्काळजीपणा तिचा. बायकोच्या सख्ख्या बहिणीबद्दल असं बोललो मी. चार बोटं गेली तिची, अन् माह्या बोलण्यावर हजेरीतून नावबी गेलं. तू भांडली नाहीस, नुसती पिशवी भरली. भांडली असती तर बरं झालं असतं.

परवा जिनिंग बंद होती. मी गंगूच्या जागेवर बसलो, उजवा हात दुपट्ट्यानं रेच्याले बांधला अन् डाव्यानं दोरी धरायले गेलो. पुरतच नाही. दोरी उजव्या बाजूले, तेबी माह्या उंचीवर. जो हात अडकते, त्याच हातासाठी मी दोरी लावली होती. वीसदा पाह्यली ती उभं राहून, दोन्ही हात मोकळे ठेवून. अक्कल गहाण ठेवली होती काय मी?

आता कमरेपुढं आडवी दांडी बसवून राह्यलो. कोणताबी हात लागो, नाहीतर नुसतं अंग टेको, रेचा थांबलाच पाह्यजे. सोमला हमाल म्हणे, साहेब तर लेहून घेऊन गेला, आता काहून खटपट करता. मले त्याचा लई राग आला. त्याचा कायले, माहाच.

गुरुवारी साहेब पुन्हा येऊन राह्यला. चूक दोरीची, म्हणजे माही, हे त्याले सांगणार आहे. शेठ मले काढून टाकीन, टाको. पण साहेबाच्या आधी हे तिथं तुह्याजवळ असलेल्या गंगूले सांगायले पाह्यजे, अन् तिच्यापुढं उभं राह्याची माही छाती होत नाही. म्हणून हे लेहलं. तिले वाचता येत नाही, तूच वाचून दाखव. तिनं शिव्या दिल्या तर तशाच्या तशा लेहून पाठव. अन् काही न बोलता उठून गेली, तर तेबी कळव.

तुझाच,
जानराव