चिमुकले पेले

सौसर, ८ जानेवारी १९५७

सौ. सरूताईस विनायकाचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझा खोकला अजून गेला नाही, असं केशवराव भाऊजींनी कळवलं. संत्री खाणं थांबव. पांढुर्ण्याचं सासर मिळालं म्हणून अख्खी बाग एकटीनंच संपवायची नसते!

इकडे मोठं दुःख आहे. बापूजींनी चर्चला जाणं सोडलं. नाताळात प्रभुभोजनाच्या द्राक्षरसासाठी मिशनच्या हेल्गाबाईंनी आपल्या देशातून मागवलेले काचेचे चिमुकले पेले मांडले, ज्याचा त्याला. बापूजी तिथूनच उठले. रामाकोना गावच्या हाटेलात त्यांचा कप बाहेर खुंटीला टांगलेला असे, हे तुला ठाऊकच आहे. चर्चमध्ये सगळ्यांनी एकाच पेल्याला ओठ लावले, त्या दिवशी मी माणूस झालो, असं ते सांगत आले. आता म्हणतात, गोऱ्या बाईनंही माहा कप वेगळाच केला. बाई बिचाऱ्या गोंधळल्या. त्यांच्याकडे सगळी मंडळी अशीच पितात म्हणे.

बापूजी ऐकतील तर तुझंच. ईस्टरला ये. भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा विनू

पांढुर्णा, १४ जानेवारी १९५७

चि. विनायकास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून रडले. विनू, ते पेले माझ्यासाठी आले आहेत. पोळ्याच्या सुमारास नागपूरच्या डॉक्टरांनी मला क्षय असल्याचं सांगितलं. नागपूर आता दुसऱ्या राज्यात गेलं, दुखणं मात्र माझ्याकडेच राहिलं. माहेरी आल्यावर एका पेल्यातून पिऊन ते मंडळीला द्यायचं, की प्रभुभोजनच सोडायचं? हेल्गाबाईंना विचारलं. त्यांचा सख्खा भाऊ याच रोगानं गेला. त्यांनी माझं नाव न घेता पेले मागवले. बापूजींना ते असे लागतील, हे मला, त्यांच्या पोरीलाही सुचलं नाही.

बाईंना खुंटीवरच्या कपाची गोष्ट सांग. त्यांना ती कशी माहीत असणार? बापूजींना मात्र माझं दुखणं सांगू नकोस, अन्नपाणी सोडतील. ईस्टरला येऊन मीच सांगते.

प्रार्थनेत आठवण ठेव, म्हणजे झालं.

तुझी ताई

सौसर, २४ एप्रिल १९५७

ती. केशवराव भाऊजींस सप्रेम सलाम.

ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारी ताईला मातीत ठेवून बापूजी नि मी परतलो, तेव्हापासून घर खायला उठतं. आल्यावर बापूजींना सगळं सांगितलं.

ईस्टरला ते आपणहून चर्चला निघाले. हेल्गाबाई खुंटीची गोष्ट कळल्यापासून कितीदा दारात येऊन गेल्या होत्या, पण बापूजींनी बसा म्हटलं नव्हतं. त्या दिवशी बाईंनी जुना मोठा पेलाही मांडायला लावला, आणि रोगाला एवढ्या भिणाऱ्या बाई त्याच पेल्यातून प्यायल्या. बापूजींनी चिमुकला उचलला. मग दोघं चर्चच्या पायरीवर बसून रडली. बाईंचं मराठी तुटकं, तरी बापूजींना सगळं कळत होतं.

घरी मात्र ते एकच विचारून राहिले, सरूनं मले काहून नाही सांगितलं? बाई परक्या मुलखातली, तिची चूक समजली म्हणे. पण साधा खोकला समजून मी इथं पेल्यावर रुसून बसलो, अन् ते तिच्या उशाशी बसायचे दिवस होते, म्हणतात.

भाऊजी, ताई गेली तरी हे घर तुमचंच आहे. या.

आपला विनायक