कोलूतली लॉरी

शनिवार, भाद्रपद वद्य चतुर्दशी

सगळ्यांत आधी आली ती शेजारची राजम. माझी ट्रंक अजून दाराबाहेरच्या तिण्णैवरच होती आणि ही विचारते, मामी, तिरुवैयारुहून बसने आलात की गाडीने, आणि त्या कोपऱ्यावरच्या चेट्टियार वाण्याची सून माहेरी निघून गेली ते कळलं का. मी तंजावुरात पाय टाकते न टाकते तोच मला सगळ्या गल्लीचं कळलं! तिच्या मागून चेट्टियार स्वतःच गूळ घेऊन आला, सून गेल्याचं तोंडावर काही दिसेना. चांगला माणूस. पोट मात्र केवढं.

ही वही सूनबाईने दिली. नागलक्ष्मी नाव, आम्ही नागू म्हणतो. म्हणाली, आत्याबाई, तुम्ही बोलता ते सगळं लिहून ठेवा, माझ्या बाळाला वाचून दाखवीन. सहावा लागलाय तिला. लेकीकडची चार नातवंडं आहेत मला, पण मुलाकडचं हे पहिलं. आमचे हे गुरांपायी तिरुवैयारुलाच राहिले. मी काही शिकलेली नाही, वडिलांनी ओसरीवर धुळाक्षरं गिरवून घेतली तेवढीच. चुकलं तर बाळाने हसावं.

सेतूने, म्हणजे माझ्या सेतुमाधवाने, हे घर भाड्याने घेतल्याला चार महिने झाले. मालाच्या लॉऱ्यांच्या सर्विशीत तो कारकून आहे.

रविवार, अमावास्या

उद्या घट बसायचा, म्हणून कोलूच्या, नवरात्रातल्या बाहुल्यांच्या, पायऱ्या मांडल्या. पेट्या रचून वर पांढरं धोतर. सगळ्यांत खाली बाजार, त्यावर लग्नाची मिरवणूक, त्यावर देव, आणि अगदी वर कलश. कलशाच्या दोन बाजूंना नागूच्या आईने लग्नात दिलेली लाल लाकडाची मरप्पाची बाहुल्यांची जोडी, नवरा आणि नवरी. घरातलं जोडपं म्हणजे तीच दोघं. त्यांना नवी वस्त्रं मीच नेसवली. नवरीचं पोट जरा पुढे काढून नेसवलं तर नागू लाजून आत पळाली.

दरसाल कोलूत एक नवी बाहुली हवी. यंदा सेतूने स्वतःच्या हाताने लॉरी केलीय! बाजारातून एक खिळा आणला नाही म्हणतो. खऱ्या लॉरीचा एक फूट तो हिचा एक इंच, असं मोजून मोजून. पुढचं नाक लाकडाच्या साच्यावर पत्रा ठोकून ठोकून काढलं. नाकापुढची जाळी म्हणजे नागूची काफीची गाळणी, त्यावरून दोन दिवस अबोला होता. दिव्यांना फुटक्या बांगड्यांची काच. मागे भाताच्या पिटुकल्या गोण्या, मी शिवल्या. चाकं फिरतात, सुकाणू फिरवलं की पुढची दोन वळतातसुद्धा. मी बोटाने ढकलली आणि लहान पोरीसारखी हसले.

पत्रा कुठला, विचारलं. तर म्हणे सर्विशीच्या आवारात एक जुनी लॉरी मोडून टाकलीय, तिच्याच चाकावरच्या चिखलझाडणीचा. चाकांचं रबरही तिच्याच टायरचं. पापनाशमजवळ ती रस्ता सोडून उतरली होती, कडेला जेवायला बसलेले दोन हमाल तिच्याखाली गेले. मालकाने मग ती चालवलीच नाही. पत्र्याच्या आतल्या बाजूला तांबूस डाग आहे. मी गंज समजले, चिंच लावून घासला. जात नाही.

सोमवार, प्रतिपदा

घट बसला. लॉरी बाजारात, मातीचा चेट्टियार वाणी आणि त्याची बायको चेट्टिच्ची यांच्या दुकानासमोर उभी केली, जणू माल उतरवायला आलीय. गल्लीतल्या सगळ्या बायका आल्या. सगळ्या देवांना सोडून लॉरीच बघतात! एकीने तर सेतूला विचारलं, आम्हाला कुंभकोणमपर्यंत सोडाल का. प्रसादाची चण्याची उसळ, सुंडल, कमी पडली. रामस्वामी शास्त्रींनी पाठ वाचला. रोज संध्याकाळी येणार आहेत. फार खणखणीत आवाज, पण वाचताना नाक ओढतात.

बुधवार, तृतीया

सकाळी दिवा लावायला गेले तर मातीचा चेट्टियार लॉरीच्या पुढच्या चाकांखाली. पोटापासून चुरा. चेट्टिच्ची तशीच बसलेली, पुढ्यात डाळ-तांदूळ. उंदीर असेल म्हटलं. उंदराने ढकलली असेल. चुरा गोळा करून केळीच्या बुंध्याशी टाकला.

गुरुवार, चतुर्थी

चेट्टियार गेला.

राजमने सांगितलं, मग मीही जाऊन आले, जायला नको होतं. दुकानातच. छातीचा पिंजरा पापडासारखा मोडलेला, पोटातलं सगळं तांदळाच्या ढिगावर. आणि त्या तांदळावर टायरची नक्षी उमटलेली, खऱ्या लॉरीएवढी रुंद. दुकानाचं दार इतकं अरुंद की तो स्वतः आडवा होऊन आत जायचा. शिपाई आला, दाराची रुंदी हाताने मोजली, डोकं खाजवलं आणि गेला.

घरी आले तर लॉरी एक पायरी वर. मिरवणुकीत. कोणी ठेवली विचारलं, तर सेतू म्हणतो मी नाही, नागू म्हणते मी वाकूच कशी.

शुक्रवार, पंचमी

सेतूचं तोंड उतरलंय. लॉरी काढून विहिरीत टाकतो म्हणाला. मी हात धरला. घट बसलेला असताना कोलूतली बाहुली उचलायची नाही, उचलली तर घर बसतं. माझ्या सासूने कधी उचलली नाही, तिच्या सासूने नाही. पोटुशी बाई घरात, आणि हा अपशकून करायला निघालाय! दसऱ्यापर्यंत थांब म्हटलं. मग तुझं तू बघ.

नागूने माझी बाजू घेतली. त्याने लॉरी तिथेच राहू दिली.

संध्याकाळी पाहिलं, मिरवणुकीतला भटजी मागच्या चाकांखाली आहे. डोकं नाही. चाकाला ओलं लाल लागलंय. कुंकू सांडलं असेल.

शनिवार, षष्ठी

रामस्वामी शास्त्री पाठाला आले नाहीत. देवळामागच्या बोळात सापडले. त्या बोळात गाय वळत नाही. भिंतीवर — अर्धे भिंतीवर होते. पोथी पाठीत रुतलेली. डोक्याच्या जागी नुसते केस आणि चुना. मुलाने उपरण्यावरून ओळखलं.

नागूला कोणी काही सांगितलं नाही, पण तिला कळलंय. पोटावर हात धरून कोलूकडे पाठ करून बसते.

रविवार, सप्तमी

लॉरी देवांच्या पायरीवर. मला वाटलं इथे तरी थांबेल. कृष्ण आहे, नरसिंह आहे, देवी आहे, आम्ही नवी फुलं वाहिली.

एकही देव फुटला नाही. सगळे बाजूला सरकलेले. मधून वाट.

वाट दिली देवांनी.

सोमवार, अष्टमी

आता वर फक्त कलशाची पायरी. लॉरीचं नाक नवरीकडे. नवऱ्याकडे नाही, नवरीकडेच. सुकाणू सरळ होतं, ते वळलेलं आहे.

सेतू म्हणाला, आई, ती आता नागूवर येणार, मी तिचा चुरा करतो. हातोडा आणायला गेला आणि तसाच परत आला. हातोडा, पत्र्याची कात्री, कानस, सगळं मीच सकाळी धुऊन, कुंकू लावून उद्याच्या आयुधपूजेला कोलूपुढे मांडलं होतं. पूजेला बसलेल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत हात लावत नाहीत. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी — मी नको म्हटलं. पुन्हा नको म्हटलं. लिंबं ठेवू म्हटलं. नवी मोटार आली की चाकांखाली लिंबू ठेवतात, गाडीने लिंबाचा जीव घ्यावा, माणसाचा सोडावा. तसं करू.

चारही चाकांखाली लिंबं ठेवली. हात जोडले. तिला मुली म्हटलं, आई म्हटलं. पोटातलं बाळ सोड म्हटलं.

मंगळवार, नवमी, सकाळ

लिंबं चारही बाहेर. शाबूत. साल दबलेलंसुद्धा नाही.

लॉरी वरच्या पायरीवर. नवरीच्या पायाला लागून. नागूला पायांत कळ आली, किंचाळली. दोन्ही नडग्यांवर काळे वळ, टायरची नक्षी.

सेतूने मला ढकललं आणि हातोडा उचलला. माझं ऐकलं नाही, आधीच ऐकायला नको होतं त्याने. नाकावर घाव घातला. पत्र्याला पोचा नाही. सेतूचा हात —

मनगटापासून पुढे हात नव्हता, भाकरी होती. नखं मात्र जागच्या जागी. रक्त कलशापर्यंत उडालं. राजम आणि तिचा नवरा त्याला बैलगाडीत घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. नागूला नेता येत नाही, उभी राहिली की कळ येते. मी मागे. नागू मागे.

नवमी, दुपार

मी उचलायला गेले. आता कसला अपशकून. दोन्ही हातांनी ओढली. हलली नाही, हातभर लॉरी, जणू भाताने भरलेली खरी. काच तापलेली. नवरीलाही ओढलं. तिचे पाय चाकाखाली धरलेले, इकडे नवरी ओढली की तिकडे नागू ओरडते. सोडली.

घासलेटचा वास. नागू विचारते, आत्याबाई, बाहेर लॉरी आलीय का. नाही म्हटलं.

गल्लीत काही नाही. आवाज घरात आहे.

नवमी, दिवे लागताना

फडताळात मान डोलावणारी आजी-आजोबांची जोडी होती, इथल्या कुंभाराकडची, नागूने जागा नाही म्हणून कोलूत मांडली नव्हती. आजी काढली. आजोबा तिथेच ठेवला, ते तिरुवैयारुला आहेत, त्यांना कशाला. आजीला माझ्या लुगड्याची चिंधी नेसवली. कपाळाला माझं कुंकू. नवरी आणि चाक यांच्या मधे ती चिंचोळी फट, तिथे बसवली.

बसली. मान डोलावतेय. हो हो म्हणतेय.

चाक एक केस मागे सरलं. नागूची कळ थांबली. झोपलीय. पोटावर हात ठेवून पाहिला, बाळाने लाथ मारली, चांगली जोरात. माझ्यासारखंच भांडखोर —

दाराची चौकट वाजतेय. चुना पडतोय. इतकं अरुंद दार —

बाळा, तुझ्या आईला हे वाचायला लाव. मला भीती — नाही फारशी —

उजेड दोन बाजूंनी. बांगडीचा हिरवा.

राजम मघाशी निरोप देऊन परत दवाखान्यात गेली, सेतूचा जीव वाचला, ती आणि तिचा नवरा त्याला घेऊन उद्या परत येतो, बुधवारी, दसऱ्याला, सकाळीच येतो म्हणालेत, नागूला सांगायला हवं, बुधवा —