खाली है, अम्मा

१ ऑगस्ट, जयेंद्रगंज, ग्वाल्हेर
चहाला सगळ्यांची विचारपूस केली. शिरीष, बी.पी. कसं? बरंय म्हणाला. सूनबाई, मान? शेकल्यावर वळतेय. रेवाचा खोकला? गेला, आजी. माझ्या गुडघ्याचं मात्र मला कोणी विचारलं नाही, आपसांतच ठरवलं. रविवारी शिवपुरी रस्त्यावरच्या जंगलात धबधबा बघायला जायचं. "आई, तू वर कठड्यापाशी बसायचं. उतरायचं नाही." हिवाळ्यात न्हाणीत पाय घसरला तेव्हापासून लेकाचं हेच पालुपद. प्लास्टर निघालं, पहारा निघाला नाही.
सूनबाईने घडीची खुर्ची काढली, वर उशी. म्हटलं, मूर्तीच बसवताय तर निरांजनही घे. ती हसली. शि. नाही.
कॅनव्हासचे बूट थालीपिठांच्या डब्याखाली ठेवलेत.

३ ऑगस्ट, रविवार
कठड्यावरून धबधबा दिसत नाही. नुसता आवाज. झाडं आड येतात. मंडळी पायऱ्यांनी उतरली. तिकडे ही गर्दी! बाजूला एक पाऊलवाट होती. चौकीदाराला विचारलं, "भैया, वो रास्ता कैसा है?"
"खाली है, अम्मा."
म्हणजे मोकळा, माणूसबिणूस नाही. मी मराठीत ऐकलं. खाली आहे, तर खाली जाऊ. पन्नास वर्षं ग्वाल्हेरात काढून हिंदी कळत नाही का? कळते. त्या घटकेला नाही कळली, बस.
बूट चढवले. मुळं धरत, दोन ठिकाणी चक्क बसून घसरत. तिसऱ्या वळणावर भ्याले. हे फक्त इथे लिहितेय.
आणि मग अख्खा धबधबा. तोंडावर तुषार, पाय पाण्यात...
"आई! तू इथे? कोणी सांगितलं तुला?"
"चौकीदार म्हणाला, खाली."
रेवा हसून हसून दगडावर बसली. "आजी, खाली मतलब रिकामा! कमाल करती हो!"
शि. चा चेहरा पांढराफटक. "पडली असतीस म्हणजे?"
"न्हाणीत पडले, तिथे कुठे जंगल होतं?"
चढताना त्याने दंड धरला. धरू दिला.

५ ऑगस्ट
गुडघा भोपळ्याएवढा. लपवला, पण सूनबाईने पाहिला. गुपचूप हळदीचा लेप लावून गेली. तरी शि. ला कळलंच. "आता कुठेच नाही. संध्याकाळची फेरीसुद्धा बंद."
तो लहान असताना मी असंच दटावायची. पण मी मोठी होते. आताही मीच मोठी आहे.

८ ऑगस्ट
सूज उतरली. संध्याकाळच्या फेरीला गोरखीपर्यंत जाऊन आले. हळू, पण एकटी. शि. बाल्कनीत उभा. मी मान वर केली नाही. त्यानेही हाक मारली नाही.

९ ऑगस्ट
रेवाने पायी जंगल फिरवणाऱ्या ग्रुपचा फॉर्म आणला. पुढच्या महिन्यात दुसरा धबधबा, सहा किलोमीटर. वय लिहिलं, ७२. शेवटी रकाना: 'घरवालों की सहमति'.
"पापा साइन नहीं करेंगे, आजी."
तिथे लिहिलं, 'घरवाली मैं ही हूँ', आणि ठसठशीत सही केली. शि. ला अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे, विचारणार नाही.
फॉर्ममागच्या कोऱ्या जागेत रेवाकडून हिंदीत लिहवून घेतलं: माझा गुडघा सुजतो आणि उतरतोही. चढावर माझ्यासाठी थांबावं लागेल. हो की नाही ते लवकर कळवा. नाही असेल तर जास्तच लवकर, म्हणजे दुसरा ग्रुप शोधायला वेळ मिळेल.